ट्रेसरबाईंचं विवर

अमरावतीला मी चार वर्षं ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिले, त्या काकू चंद्राचा नकाशा काढत होत्या. अख्ख्या चंद्राचा नाही. चंद्राच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात एक फार जुनं, झिजून जवळजवळ सपाट झालेलं विवर आहे, त्या एका विवराचा. मी राहायला गेले तेव्हा त्या नकाशाला सहावं वर्ष लागलं होतं.

अर्थात खोली बघायला गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. काकूंनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. दारात उभं राहून माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालताना टाच आपटते का तू?"

मी म्हटलं, "नाही."

"चालून दाखव."

मी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. त्या वाकून, फरशीवर तळहात टेकवून, थरथर लागते का ते बघत होत्या. मग उठल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "राह्य. पण सप्तमी, अष्टमी, नवमी गच्चीवरचा बल्ब लावाचा नाही, अन् दोरीवर कपडे ठेवाचे नाहीत."

मला वाटलं, बाईंचं काहीतरी व्रत असेल. पहिल्याच अष्टमीला मी साबुदाण्याची खिचडी करून वाटी खाली नेऊन दिली. त्यांनी ती आनंदाने खाल्ली, वर अर्धी भाकर आणि झुणका खाल्ला, आणि मग संत्र्याचं एक रिकामं लाकडी खोकं काखेत मारून गच्चीवर आल्या. खोकं उपडं ठेवून त्यावर बसल्या. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली काहीतरी उंच उभं होतं, त्यावरची चादर काढली. आत एक जाड पांढरा प्लास्टिकचा पाइप होता, बागेला पाणी द्यायला वापरतात तसला. तो त्यांनी चंद्राकडे वळवला.

गल्लीत त्यांना सगळे ट्रेसरबाई म्हणत. पाटबंधारे खात्यात त्या अनुरेखक होत्या. इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि प्रत्येक रेघ शाईने गिरवायची, हे त्यांचं काम. नोकरीच्या शेवटच्या काळात संगणक आले, तेव्हा साहेबांनी त्यांना जुन्या नकाशांच्या खोलीत बसवलं. पण त्याआधी कितीतरी धरणं, कालवे आणि बंधारे त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांतलं एकही धरण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. जागेवर जायचं ते इंजिनिअरने. ट्रेसरचं तिथे काम नाही.

"तीस वर्ष दुसऱ्यानं पाहेल, ते मी काढलं," त्या एकदा म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. हातावर कोमट पाणी घेऊन त्या शाईचं पेन धूत होत्या. ते पेन वापरलं नाही तरी दर रविवारी धुवायच्या.

निवृत्तीनंतर त्या अकोल्याला जायला लागल्या. तिथे पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक घराच्या मागच्या पडवीत लोकांना दुर्बिणीचा आरसा घासायला शिकवायचे. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवायच्या, मधे पाणी आणि बारीक पूड घालायची आणि घासत राहायचं. काकू दर रविवारी बडनेऱ्याहून पॅसेंजरने जायच्या आणि दिवसभर काच घासून संध्याकाळी परत यायच्या. त्यांच्याबरोबर सुरू केलेले बाकीचे लोक एकेक करून गळले. काकूंचा आरसा अकराव्या महिन्यात पुरा झाला. पाइप आणि खोकी वरूडच्या भावाने दिली, त्याची संत्र्याची बाग आहे. लाकडी बैठक इथल्याच सुताराने केली. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं की तो तोफेचा देखावा करतोय.

हे एकच विवर का, हे मी पहिल्या महिन्यातच विचारलं. प्राध्यापकांनी पहिल्यांदा दुर्बीण चंद्राकडे लावली तेव्हा सगळ्यांनी नावाजलेली विवरं पाहिली. ज्यांचे काठ कापल्यासारखे धारदार आहेत, ज्यांच्या मधोमध डोंगर उभा आहे, अशी. सगळे वा वा करत होते. काकूंची पाळी शेवटी आली आणि त्यांचा डोळा जरा बाजूला गेला. तिथे उजेडाचे काही तुकडे होते, जेमतेम गोलात मांडल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं.

"ज्याले सगळे पाहून राहिले, त्याले माह्या पाहण्याची काय गरज?" त्या म्हणाल्या. "मी याले पाहतो."

वऱ्हाडातल्या जुन्या बायकांसारख्या त्या 'मी पाहतो, मी जातो' असंच बोलत.

नकाशात त्या विवराला कुणा परदेशी विद्वानाचं नाव आहे. ते नाव काकूंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्या त्याला 'झिजेल' म्हणत. आमच्याकडे झिजलेल्याला झिजेल म्हणतात. पुण्याच्या माणसाला तो भविष्यकाळ वाटेल, पण त्या विवराचं जे झिजायचं ते केव्हाच झिजून झालं आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी कसला तरी मोठा दगड येऊन आदळला आणि ते झालं. मग त्याच्या काठावर, पोटात, आजूबाजूला नवे दगड पडत राहिले. काठ खचले, तळ भरत गेला, शेजारच्या नव्या विवरांचा राडारोडा येऊन वर पसरला. आता उरलाय तो गोलाचा नुसता भास. पौर्णिमेला ऊन सरळ डोक्यावर असतं तेव्हा तो मुळीच दिसत नाही. अष्टमीच्या आसपास त्या भागात नुकती सकाळ होत असते, ऊन तिरपं पडतं, तेव्हा काठाचा उंचवटा उजळतो आणि मागे सावली पडते. तेवढेच दोन-चार तास. त्यातही एक महिना सोडून. कारण पुढच्या महिन्यात तीच वेळ आपल्याकडे सकाळी, चंद्र उगवायच्या आधीच येते. पावसाळ्याचे चार महिने ढग. एप्रिल-मे मध्ये तापलेल्या गच्चीवरून हवा इतकी हलते की चंद्र पातेल्यात उकळतोय असं वाटतं. सगळं वजा केलं की वर्षाकाठी तीन-चार संध्याकाळी आणि कृष्ण पक्षातल्या तितक्याच पहाटा हाती लागत. एका बैठकीत त्या तळहाताएवढा भाग काढत. त्यामुळे सहा वर्षं ही काही फार नव्हती.

हे विवर इकडून तिकडे साधारण अमरावती ते अकोला एवढं आहे. काकूंनी म्हणून ते आमच्याच रस्त्यावर बसवून टाकलं होतं. एका काठाला अमरावती, समोरच्या काठाला अकोला. काठावर बसलेलं एक लहान, नवं, खणखणीत विवर म्हणजे बडनेरा. मधोमध मूर्तिजापूर. अकोल्याच्या अंगाला काठ फुटून एक दरी बाहेर निघते, ती अकोटकडे जाते. "तुह्या गावाकडं जाते," असं त्या मला सांगत. मी अकोटची. रसायनशास्त्र शिकवायला अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागले होते. म्हणजे दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि जुलैत पुन्हा मिळाली तर मिळायची.

दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. काकूंनी नकाशाही तसाच उलटा काढला होता, दक्षिण वर. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मले जसं दिसते तसं मी काढतो. सरळ कराचं तं कागद फिरवून घे."

दिसतं ते काढायचं, असावं असं वाटतं ते काढायचं नाही. हा त्यांचा एकमेव नियम. भाजी निवडतानासुद्धा त्यांच्या बोलण्यात तो यायचा.

अकोल्यात आकाश बघणाऱ्या हौशी लोकांची महिन्याला बैठक भरे. तिथे एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. काकूंनी कच्चा कागद टेबलावर उलगडला. एक गृहस्थ बराच वेळ तो बघत राहिले आणि खरोखरच आपुलकीने म्हणाले, "बाई, आता यानांनी काढलेले फोटो मोबाइलवर मिळतात. दगड न् दगड दिसतो. एवढी मेहनत कशासाठी?"

काकूंनी विचारलं, "तुमच्या नातवाचा फोटो हाय का मोबाइलात?"

"आहे ना. पुण्याला असतो."

"मंग त्याले भेटाले पुण्याले काहून जाता?"

गृहस्थ हसले. काकू हसल्या नाहीत, त्यांनी खरंच प्रश्न विचारला होता. परतीच्या गाडीत मला म्हणाल्या, "फोटो मी पाहिले हायेत. चांगले हायेत. पण ते त्या यानानं पाहेल हायेत."

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी गल्लीतले लोक फटाके लावून पेढ्यांचा पुडा घेऊन ट्रेसरबाईंच्या दारात आले, जणू यान यांनीच सोडलंय. काकूंनी पेढा घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की यान उतरलं ते आपल्या झिजेलपासून फार दूर, पार खाली. लोकांना जरा वाईट वाटलं. मग एक आजी म्हणाल्या, "पुढच्या खेपेले उतरन." काकूंनी त्यावर गंभीरपणे विचार केला आणि म्हणाल्या, "नको. तिथं काही मोडाले नको."

माझ्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरात, मी गच्चीवर उन्हात बसून विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासत होते. तपासत होते म्हणजे शेवटचं पान उघडायचं, सही करायची, मिटायची. समोर ढीग होता. काकू मुगवड्या वाळत घालत होत्या. माझ्या हाताकडे त्यांची नजर गेली. मग म्हणाल्या, "हे तू वाचून राहिली का?"

"नाही हो काकू. सगळ्यांनी एकमेकांचं उतरवलेलं असते."

"पण तू लिहून राहिली 'तपासले'."

मी हातातली वही मिटली. त्याही मुगवड्यांकडे वळल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर मूळ नकाशा होता, पारदर्शक जाड कागदावर, शाईने केलेला. तोवर मी कच्चे कागदच पाहिले होते. बारीक बारीक रेघा, उताराकडे दाट होत गेलेल्या, इतक्या एकसारख्या की श्वास रोखून बघावं. उजव्या कोपऱ्यात सरकारी नकाशांवर असते तशी चौकट होती. आरेखन, अनुरेखन, तपासणी, मंजुरी. पहिल्या दोन घरांत काकूंची आद्याक्षरं. तिसरं रिकामं.

"इथं सही पाह्यजे," त्या म्हणाल्या. "पण त्या वह्यांवरच्यासारखी नाही चालाची. आधी पाहाले शिक. मंग तपास. मंग सही कर."

मी होकार दिला, थोडा शरमेने.

पाहायला शिकायला मला वर्ष लागलं. पहिल्या दिवशी मला दिसली ती पोपडे निघालेली चुन्याची भिंत. काकू मागे उभ्या राहायच्या. "एका जागी पाच मिनटं पाह्य. बोलू नको. डोळ्यावर जोर देऊ नको." चार-पाच बैठका अशाच गेल्या. बडनेरा ओळखू यायला लागलं, मग अकोटकडची दरी. पूर्ण गोल काही केल्या दिसेना. मग एका संध्याकाळी, गच्ची गार होती, हवा अगदी स्थिर होती, मी बडनेऱ्यापासून काठाकाठाने नजर नेत होते. उजेडाचा एक तुकडा, मग खिंड, मग दुसरा तुकडा. आणि ते सगळे तुकडे एकाएकी एकाच काठाचे झाले. एवढं मोठं, खोलगट काहीतरी समोर होतं आणि इतके महिने मी त्याच्याकडेच बघत होते. मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. काकूंना कसं कळलं कोण जाणे. "झालं," म्हणाल्या आणि खाली जाऊन चहा ठेवला.

त्यानंतर नकाशाची झेरॉक्स पाटीला लावून मी तपासायला बसले. तांबडी पेन्सिल घेऊन. रेघ जुळली की टिंब. पाच बैठकांत जवळजवळ सगळा कागद टिंबांनी भरला. जुळत नव्हती एकच जागा. मूर्तिजापूरच्या उत्तरेला काकूंनी विवराच्या तळात आणखी एक लहान कडं काढलं होतं, मोठ्याहून जुनं, जवळपास पुसलेलं. पूर्ण गोल. नकाशातली सगळ्यात नाजूक रेघ ती होती, आणि त्यांना तिचा अभिमान होता. तसं बोलून दाखवत नसत, पण कागद कुणाला दाखवताना बोट तिथे थांबायचं. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. दोन महिने थांबून पुन्हा पाहिलं. तरी नाही.

सही करून टाकावी असं मनात आलंच. कोण पाहणार होतं? पण त्या वह्या आठवल्या. शेवटी माघातल्या एका अष्टमीला, दुर्बिणीवरून डोळा काढून मी म्हटलं, "काकू, मूर्तिजापूरच्या उत्तरेचं ते कडं मले दिसत नाही."

"हवा हालत असन."

"हवा चांगली हाय. मागच्या खेपेलेही नाही दिसलं."

"तुही नजर बसली नाही अजून."

"बाकी सगळं दिसते. बडनेऱ्याच्या पोटातला बारका खड्डा दिसते. हे नाही दिसत." मग मी जरा थांबून विचारलं, "तुमाले आत्ता दिसते का?"

त्या खोक्यावर बसल्या. डोळा लावला. खालून कुणाच्या तरी घरातल्या मालिकेचा आवाज येत होता. मी उभी होते. बराच वेळ गेला. त्यांनी डोळा पुसला, पुन्हा लावला.

"मले बडनेराबी दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दीड वरीस झालं."

दुर्बिणीवर चादर घालून त्या खाली गेल्या. ते कडं त्यांनी एकदा, खूप आधी, अर्धवट पाहिलं होतं. शाईने काढायची वेळ आली तोवर डोळ्यासमोर धुकं दाटलं होतं. उरलेला गोल त्यांनी हातानेच पुरा केला. असावा असं वाटलं तसा. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यानंतरचे दोन दिवस काहीच सांगितलं नाही. सकाळी पाण्याची मोटर लावायला येत, माझ्याकडे न बघता परत जात.

तिसऱ्या दिवशी मीच खाली गेले. त्या टेबलाशी बसल्या होत्या, कागद समोर होता पण पालथा. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का. दाखवलं होतं. मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं. यांनी केलं नव्हतं.

"माह्या मायचा डोळा असाच गेला," त्या म्हणाल्या. "तवा गावात शिबिर लागलं होतं. पट्टी काढली तं अंधार. दुसऱ्या डोळ्यानं आधीच दिसत नोतं. मी बारा वर्ष तिचा हात धरून फिरवलं. माहा कोन धरन?"

मी म्हटलं, तो काळ वेगळा होता. आता तासाभरात घरी पाठवतात. माझी मामेबहीण अकोल्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे, तिच्याशी बोलू, नुसतं दाखवून येऊ. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मग कागद सुलटा केला.

"समज, नाही जमलं," त्या म्हणाल्या. "मंग हे कडं कोन खोडन? खोटी रेघ राहून जाईन."

"मी खोडीन."

"ब्लेड धरता येते?"

"नाही."

"मंग आधी शिक."

या कागदावरची शाई रबराने जात नाही. दाढीचं ब्लेड वाकवून, कोपरा टेकवून, कागदाला ओरखडा न पडता ती खरवडावी लागते. काकूंनी जुने टाकाऊ कागद काढले आणि पुढचे आठ दिवस मला ते शिकवलं. कॉलेजमधून आले की मी त्यांच्यासमोर बसून कुठल्यातरी विसरलेल्या कालव्याच्या रेघा खरवडत असे. मी खरवडलेल्या जागेवरून त्या बोट फिरवत. डोळ्यांपेक्षा त्यांना बोटाने लवकर कळायचं. "इथं सोललं. पुन्हा." आठव्या दिवशी त्यांचं बोट कुठेच अडलं नाही. संध्याकाळी म्हणाल्या, "तुह्या बहिणीले फोन लाव."

अकोल्याला आम्ही पॅसेंजरनेच गेलो. काकूंनी गिला वडा, आमच्याकडचा दह्यातला वडा, डब्यात घेतला होता, तो त्यांनी खाल्ला नाही. मूर्तिजापूर आलं तेव्हा मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्या खिडकीच्या गजाला धरून बसल्या होत्या. फलाटावर उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही. आत नेताना मामेबहिणीने दुसरा हात धरला. मी बाहेर बाकावर बसून चाळीस मिनिटं भिंतीवरचा अक्षरांचा फलक वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तुमच्या शर्टाचं वरचं बटन येगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावेल हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या मामेबहिणीने पुढे होऊन पाहिलं. खरंच होतं.

महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, दिवसातून चारदा थेंब. काकूंनी सगळं पाळलं. मी थेंब घालताना त्या सेकंद मोठ्याने मोजत. चैत्रातल्या अष्टमीला, उन्हाळ्याने हवा बिघडायच्या आत, आम्ही गच्चीवर गेलो. खोकं मी उचललं. त्यांनी डोळा लावला आणि लगेच मागे घेतला.

"हा निळसर कधीपासून हाय?"

"कोण?"

"चंद्र. मले तं हळद लावल्यासारखा दिसत होता."

मग पुन्हा डोळा लावला तो जवळजवळ तासभर. मी पाटी आणि विजेरी धरून उभी. विजेरीला त्यांनी लाल कागद गुंडाळला होता, उजेड डोळ्यात जाऊ नये म्हणून. शेवटी त्यांनी मला बसवलं. "मूर्तिजापूरच्या उत्तरेले नको पाहू. जरा पश्चिमेकडं सरक. एक बारीक कमान हाय, नखाएवढी. असन तं सांग, नसन तं नाही म्हण."

मी पाहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एक फिकट रेघ आली, गेली, पुन्हा आली आणि राहिली. "हाय," मी म्हटलं. "पण पुढं तुटते."

"कुठं तुटते?"

मी कागदावर जागा दाखवली. त्यांनी आपल्या पेन्सिलीची खूण दाखवली. दोन्हींत फार तर गव्हाच्या दाण्याएवढं अंतर होतं.

कड्याचा जेमतेम तिसरा हिस्सा खरा निघाला. उरलेला काकूंनी स्वतः खरवडला, दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीशी बसून. मला वाटलं होतं त्यांना जड जाईल. त्या गुणगुणत होत्या. खरवडून झाल्यावर ती जागा नखाने घोटून गुळगुळीत केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी 'तपासणी'च्या घरात सही केली. आयुष्यात इतक्या सावकाश मी कधीच सही केली नव्हती. चौथ्या घराचं काय, असं मी विचारलं. "मंजुरी कोनाची घ्याची? ते तसंच राहू दे," त्या म्हणाल्या.

त्या जुलैत माझे तास कमी झाले, पण त्याच सुमाराला अकोल्याच्या एका शाळेत कायमची जागा मिळाली. मी सामान बांधलं. निघताना काकूंनी वरूडच्या संत्र्यांची पिशवी आणि एक ब्लेड दिलं, कागदात गुंडाळून. अकोल्यातल्या हौशी मंडळींनी नकाशाची मोठी प्रत काढून त्यांच्या खोलीत लावली आहे. फोटोंबद्दल बोलणारे ते गृहस्थ आता नव्या लोकांना तो उलटा का आहे ते समजावून सांगतात.

परवा, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, मी अमरावतीला गेले होते. काकूंनी त्र्याहत्तरी ओलांडली आहे. माडीवर आता एक नर्सिंगची मुलगी राहते, टाच न आपटणारी. टेबलावर नवा पारदर्शक कागद ताणून बसवलेला होता. चारी बाजूंनी बारीक समास आखलेला, कोपऱ्यात चौकट, बाकी कोरा.

"झिजेलच्या दक्षिणेले आणखीन एक हाय," काकू म्हणाल्या. "त्याच्याहून जुनं. त्याले तं काठच नाही राहिला. नुसता तळ समजते, तेबी वर्षातून तीन खेपा."

"याला किती वर्षं लागतील?"

"बारा तं लागतीलच." त्यांनी कागदावरून तळहात फिरवला, धूळ नव्हती तरी. "दुसऱ्या डोळ्यातबी मोतीबिंदू हाय. तो जानेवारीत काढून घेतो. तारीख मीच घेतली, तुह्या बहिणीले फोन करून. तू रजा नको टाकू."

"मी येते ना स्टेशनवर."

"स्टेशनवर ये," त्या म्हणाल्या, आणि अंधार पडायच्या आत दुर्बिणीचा तापलेला आरसा गार व्हायला हवा, नाहीतर चंद्र हलतो, म्हणून खोकं उचलून माझ्यापुढे जिना चढायला लागल्या.